गरम झाल्यावरच मिसिंग मारणारी गाडी आणि ती तापेपर्यंत थांबणारं गॅरेज

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठे कापला ते खाली सांगतो, आधी कामाचं सांगतो, कारण गाडीजवळ बसून, वेळ घालवून, एकेक गोष्ट खोडत जाणारा मिस्त्री मी तरी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितला. गॅरेजचं नाव टाकत नाहीये. मिस्त्रींनीच हात जोडले, "लिहा काय लिहायचं ते, पण नाव नको, आत्ताच चार गाड्या रस्त्यावर उभ्या आहेत आणि सोसायटीवाले रोज भांडायला येतात." कात्रजच्या बाजूला आहे एवढं समजा. खरंच गरज असेल त्याने मेसेज करा, सांगतो.

गाडी २०१४ ची, १२०० सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल, आणि २०१८ ला बाहेरून सीएनजी किट टाकलेलं. १ लाख २८ हजार किलोमीटर झालेत, त्यातले ८०-९० हजार तरी गॅसवर. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली सगळे त्या कंपनीलाच धुवायला लागतील आणि जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही, माझाच आहे, ते पुढे येईलच.

त्रास असा की सकाळी धायरीतून निघताना गाडी एकदम लोण्यासारखी. राजाराम पुलापर्यंत काही नाही, दांडेकर पूल ओलांडला तरी काही नाही, आणि स्वारगेटला सिग्नलला उभं राहिलं की सुरू. स्टीअरिंग थरथरतं, आरशातला मागचा रिक्षावाला दोन-दोन दिसायला लागतो, आरपीएमचा काटा ७५० वरून ६०० ला पडतो परत वर येतो, सायलेन्सरमधून फुस्स, मग दोन सेकंद नीट, मग परत फुस्स. जरा रेस दिली की गायब. शंकरशेठ रोडला ८० ने काढा, काही नाही. फातिमानगरच्या सिग्नलला उभं राहा, परत नाच. बायको म्हणायची अरे हिला थंडी वाजतेय का, आणि मी म्हणायचो थंडी वाजत असती तर सकाळी वाजली असती ना, हिला तर उलट घाम फुटल्यावर थरथर सुटते.

संध्याकाळी घरी आलो, बॉनेट उघडलं, मोबाइलवर व्हिडिओ काढला. सकाळी तीच गाडी गॅरेजला नेली की गाडी गरीब गाय. दात दुखतोय म्हणून डॉक्टरकडे जावं आणि खुर्चीत बसल्यावर दुखायचं थांबावं, तसं.

पहिल्यांदा अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे सकाळी साडेनऊला गाडी जमा केली, अॅडव्हायझरने टॅबवर लिहून घेतलं "आयडलिंग व्हायब्रेशन", व्हिडिओ दाखवला तर म्हणाला सर बघतो. संध्याकाळी फोन, सर प्लग चारही बदललेत, थ्रॉटल बॉडी क्लीन केलीये, आता प्रॉब्लेम दिसत नाही. बिल ४,२०० रुपये. गाडी मात्र सुंदर धुऊन दिली होती. मी तिथून निघालो आणि २० मिनिटांनी सिग्नलला फुस्स. परत नेली तर त्यांनी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी स्टार्ट करून बघितली. आता रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी थंडगारच असणार ना, तिच्यात काय दिसणार? दुसऱ्यांदाही धुऊन दिली.

मग एक मोठं मल्टिब्रँड गॅरेज, काचेचं ऑफिस, एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन. यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी०३०३. म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, तो नीट पेटत नाही, आपण मिसिंग म्हणतो तेच. लगेच तीन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देते ती) नवीन टाकली, इंजेक्टर काढून क्लीनिंगला लावले, टाकीत एक अॅडिटिव्हची बाटली ओतली, आणि मला इथेनॉलवर १० मिनिटांचं लेक्चर दिलं. सध्या कुठल्याही गॅरेजला जा, पहिलं वाक्य हेच असतं, साहेब आता पेट्रोलच तसं येतं. ई२० बद्दल, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, जुन्या गाड्यांचे रबर पाइप, मायलेज वगैरे, पण अहो पेट्रोल चारही सिलिंडरला एकाच रेलमधून जातं, त्याला तीन नंबरशीच काय वैर? हे मला त्या दिवशी सुचलं नाही, सुचलं ते घरी गेल्यावर. बिल ८,६०० रुपये. त्यांनी कॉम्प्रेशनही, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब बनवतो तेही बघितलं होतं, एवढं श्रेय देतो, चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून दिले, १७०, १७२, १५८, १७०. तिसरा जरा कमी आहे पण चालतंय म्हणाले. कधी घेतलं? सकाळी, गाडी थंड असताना.

मधल्या काळात मी स्वतः ७५० रुपयांचा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा) मागवला, तो काडेपेटीपेक्षा जरा मोठा निळा डबा. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि फोनवर अॅप. आपल्याकडे एप्रिल २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-टू आहे, मिसफायर कुठल्या सिलिंडरला होतंय ते गाडी स्वतः मोजते, त्यामुळे हा डबा तेवढ्यापुरता पैसे वसूल आहे. पण त्याच्याबद्दल एक सांगतो. कोड आजार सांगत नाही, फक्त कुठे दुखतंय ते सांगतो. पी०३०३ म्हणजे तीन नंबर नीट पेटत नाहीये, बस. का पेटत नाहीये, करंट नाही, पेट्रोल नाही, का दाबच बनत नाहीये, ते त्या डब्याला माहीत नसतं. त्यातली कामाची गोष्ट म्हणजे फ्रीज फ्रेम. कोड पडला त्या क्षणी गाडी काय करत होती ते त्यात साठवलेलं असतं. माझ्यात होतं कूलंट ९४ अंश, आरपीएम ६९०, स्पीड शून्य. म्हणजे पूर्ण गरम आणि जागेवर उभी. याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, पुढे तोच कामाला आला.

तर आता मुद्द्याचं गॅरेज. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की तिकडे एक मामा आहेत, पण डोकं फिरलेले आहेत, वाद घालू नको. फोन केला, उचलला नाही. परत केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि माझं सगळं पुराण ऐकून घेतलं, चार-पाच मिनिटं, मधे एकदाही तोडलं नाही. मग एकच प्रश्न विचारला, "गॅसवर मारते का पेट्रोलवर?" म्हटलं मामा दोन्हीवर. "सारखीच?" म्हटलं हो, गॅसवर जरा जास्त, पण दोन्हीवर. "मग इंजेक्टर कशाला साफ केले?"

मी गप्प. खरंच की. गॅसचे इंजेक्टर वेगळे, पेट्रोलचे वेगळे. दोन्हीवर तोच सिलिंडर मिसिंग मारतोय म्हटल्यावर पेट्रोलचा इंजेक्टर, पेट्रोलचा पंप, फिल्टर, आणि ते बिचारं इथेनॉल सगळे एका फटक्यात सुटले. फोनवर, गाडी न बघता. मी इंजिनिअर आहे हो, मला हे चार महिने सुचलं नव्हतं.

मग म्हणाले, "सकाळी आणू नका. संध्याकाळी ऑफिसवरून थेट या, मधे कुठं थांबू नका, इथं आलात तरी इंजिन बंद करू नका." आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला गरम गाडी घेऊन बोलावलं होतं.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, आत दोन गाड्या मावतात, बाहेर पिंपळ, त्याखाली एक बॅटरी उलटी ठेवून केलेलं स्टूल आणि रंगाचे रिकामे डबे बसायला. मामा साठीचे असतील, हाताखाली आयटीआय केलेली दोन पोरं. मी पोचलो, इंजिन चालू, आणि अर्थातच वाटेत शेवटचे १० मिनिटं ट्रॅफिक नव्हतं त्यामुळे गाडी अगदी शांत उभी राहिली. माझा चेहरा पडला. मामांनी बॉनेटवर हात ठेवला, एसी लावायला सांगितला, आणि समोर डबा ओढून बसले. चहा मागवला. आम्ही बसलो. रेडिएटरचा पंखा एकदा लागला, बंद झाला. दुसऱ्यांदा लागला. एवढ्या वेळात त्यांनी गाडीला बोटसुद्धा लावलं नाही, मला वाटलं हे काय चाललंय, चहा प्यायला बोलावलंय का. आणि मग पंखा बंद झाल्यावर एक मिनिटाने फुस्स. मामा कप ठेवून उठले. "आली."

पुढचा अर्धा तास मी जे बघितलं त्यासाठीच हे एवढं लिहितोय.

आधी त्यांनी पेट्रोलवर करून इंजेक्टरचे कपलर एकेक करून काढले. एक नंबरचा काढला, इंजिन गचकलं, परत लावला. दोनचा काढला, गचकलं. चारचा काढला, गचकलं. तीनचा काढला, काही फरक नाही, जशी थरथरत होती तशीच. म्हणजे तीन नंबर कामावरच नाहीये, त्याला सुट्टी दिली काय आणि न दिली काय. मी विचारलं बाकीचे लोक कॉइल उपटतात तुम्ही इंजेक्टर का काढताय, तर म्हणाले करंट तोडला तर न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये जातं आणि कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो, शिवाय शॉक बसतो तो वेगळाच. कॅटची किंमत माहीत असलेला माणूस तसं करत नाही.

मग तीनची कॉइल एकला आणि एकची तीनला. मी म्हटलं मामा कॉइल नवीन आहे, महिना झाला नाही. "नवीन म्हणजे चांगली असं कोणी सांगितलं?" हे ऐकून मात्र बरं वाटलं. बदलून बघितलं, मिसिंग तीनवरच. कॉइल खराब असती तर आजार तिच्याबरोबर एक नंबरला गेला असता. तो हलला नाही, म्हणजे कॉइल सुटली. मग प्लगची अदलाबदल, तरी तीनवरच. ८,६०० मधली कॉइल पण फुकटच गेली तर.

इथे जरा विषयांतर, पण कामाचं आहे. मामांच्या फळीवर एक गुलाबी हेअर ड्रायर होता. मी विचारलं हे काय, तर म्हणाले घरातला जुना. गरम झाल्यावर मिसिंग मारणाऱ्या बऱ्याच गाड्यांत कॉइलच असते, आतली केसासारखी बारीक तार कुठेतरी तडकलेली असते, थंड असताना टोकं चिकटून असतात, तापली की सुटतात. मीटर लावून थंड कॉइल मोजली की आकडा बरोबर येतो, आणि सगळे फसतात. मामा त्या कॉइलला ड्रायरने दोन-चार मिनिटं तापवतात आणि मग बघतात, वाटल्यास ओलं फडकं ठेवून थंड करतात आणि परत बघतात. तशा कॉइलवाल्या गाड्या घाटात, वरच्या गियरमध्ये, लोडवर मिसिंग मारतात, कारण आत दाब जास्त असला की ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं. आणि माझी उभ्या उभ्या मारत होती, लोडवर नीट पळत होती. त्यामुळे मामांना कॉइलचा संशय पहिल्यापासूनच कमी होता, फक्त खात्री केली. माझ्या मेव्हण्याची गाडी गरम झाल्यावर थेट बंदच पडायची आणि १५-२० मिनिटांनी परत चालू व्हायची, ती क्रँक सेन्सरची (इंजिन फिरतंय का ते मोजणाऱ्या सेन्सरची) केस, त्यात असं एक सिलिंडर धरून मिसिंग होत नाही, काटा एकदम शून्यावर. मामांनी हे पण विचारलं होतं, काटा पडतो का म्हणून.

आता कागदाचा प्रयोग. मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, त्याची चार बोटं रुंद पट्टी केली आणि गाडीच्या मागे उकिडवे बसून ती सायलेन्सरच्या तोंडाशी सैल धरली. नीट इंजिन असेल तर कागद एकसारखा बाहेर फडफडत राहतो. माझा कागद फडफड, फडफड, आणि मधेच चट्‌ करून सायलेन्सरच्या तोंडाला चिकटायचा, आत ओढल्यासारखा, परत सुटायचा. दर काही सेकंदांनी. मला म्हणाले बघा, तुमची गाडी मागून पण श्वास घेतेय. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, पूर्ण बंद होत नाहीये, पिस्टन खाली जाताना हवा पुढून ओढायची तर मागून सायलेन्सरमधूनही ओढतोय. कॅलेंडरच्या कागदाने सांगितलं हे, काचेच्या ऑफिसवाल्यांच्या स्कॅनरने नाही. (स्कॅनरला शिव्या देत नाहीये, माझ्याच ७५० वाल्या डब्याचा फ्रीज फ्रेम बघून मामांनी मान डोलावली होती. पण डबा जिथे थांबतो तिथून पुढे माणूस लागतो.)

यावर विश्वास ठेवून काम सुरू केलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, पण त्यांनी लगेच गरम इंजिनवरच प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं. हे काम जपून करावं लागतं, अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग, व्हॉल्व्ह असतात तो) तापलेलं असताना प्लग काढायला गेलं तर आटे जायची भीती असते, त्यांनी प्लगपाना अगदी दोन बोटांनी फिरवत, थांबत थांबत काढले, पोराला हात लावू दिला नाही. आकडे, १७५, १७२, ११०, १७५. थंड असताना १५८ आणि गरम असताना ११०! त्याच सिलिंडरला. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून फोटो काढलाय. चार महिने आणि १२,८०० रुपये या दोन आकड्यांच्या मधे गेले.

शेवटचं म्हणून तीनचा पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि मला म्हणाले कान लावा. ऑइलच्या झाकणाशी आवाज आला तर रिंगा गेल्या, थ्रॉटलमधून आला तर इनटेकचा व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग, आणि सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट. मी सायलेन्सरला कान लावला, बारीक सुस्स, कुकरची शिट्टी बसायच्या आधी येतो तसा. ऑफिसचा शर्ट घालून, गुडघ्यावर बसून, पण समाधान झालं.

मग म्हणाले गाडी ठेवून जा. आता का? "आता मापायचं, ते थंडच लागतं." टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यातली फट, गाडी पूर्ण थंड असतानाच घेतात. आजार गरम असताना दिसतो आणि मोजायचा थंड असताना, असा उलटा कारभार आहे, म्हणून मुक्काम.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी टाकून गेलो. टॅपेट कव्हर काढलेलं होतं, फिलर गेज घेऊन एकेक व्हॉल्व्ह मापत होते आणि पोरगा वहीत लिहीत होता. एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटरच्या आसपास पाहिजे. एक नंबरला ०.१८. चारला ०.२०. तीनला एका व्हॉल्व्हला ०.०८ आणि दुसऱ्याला ०.०५ ची पत्ती पण अडकत अडकत. मला हातात दिली ती पत्ती, कागदापेक्षा पातळ, आणि ती पण आत जाईना.

काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं तसं लिहितो. गॅस कोरडा जळतो, पेट्रोलसारखा थंडावा देत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह ज्या कडीवर बसतो ती सीट हळूहळू घासत जाते, व्हॉल्व्ह आत आत रुतत जातो आणि त्याची शेपटी वर वर येते, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या जवळ. म्हणजे गॅप कमी होत जातो. आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह चालू इंजिनात ७०० अंशांच्या आसपास तापतो, तापला की लांब होतो. गॅप ०.३० असेल तर लांब व्हायला जागा आहे, ०.०५ असेल तर जागाच संपली, मग कॅम त्याला पूर्ण मिटूच देत नाही. आयडलला पिस्टन हळू चालतो, गळायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून सिग्नलला फुस्स. रेस दिली की गळायला वेळच नाही, म्हणून हायवेला शहाणी. सकाळी थंड असताना व्हॉल्व्ह आखूड, वर आयडल पण चढलेलं आणि मिक्श्चर रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), त्यामुळे झाकून जातं. सगळी लक्षणं एका ओळीत बसली, मला तर अंगावर काटा आला.

यात सगळ्यात फसवं काय, तर टॅपेट ढिले झाले की टक टक वाजतात, कोणीही ऐकून सांगतं. टाइट झाले की आवाज उलट कमी होतो. मी मागच्या वर्षी सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो की एवढी जुनी गाडी पण इंजिन बघा किती सायलेंट झालंय. घ्या आता. किट बसवताना त्या माणसाने सांगितलं होतं की टॅपेट चेक करत जा, मी ७ वर्षांत एकदाही केलं नाही. हा माझा दोष.

या इंजिनात स्क्रू फिरवून गॅप सेट होत नाही, व्हॉल्व्हच्या डोक्यावर वाटीसारख्या टोप्या असतात त्या वेगळ्या जाडीच्या घालाव्या लागतात. त्यासाठी दोन्ही कॅमशाफ्ट उतरवायचे, चेनला खुणा करायच्या, टोपी मायक्रोमीटरने मोजायची, हिशोब करून पातळ टोपी शोधायची. मामांकडे जुन्या हेडांमधून निघालेल्या टोप्यांचा एक श्रीखंडाचा डबा आहे, प्रत्येकीवर मार्करने माप लिहिलेलं. बऱ्याच तर आमच्याच इंजिनातल्या टोप्या इकडून तिकडे फिरवून बसल्या, तीन मात्र कुठेच मिळेनात. नाना पेठेत पोरगं दोन चकरा मारून आलं, नाही मिळाल्या, ऑर्डर कराव्या लागल्या. त्यात चार दिवस गेले, ते मी धरत नाही, पण रिक्षाने ऑफिसला गेलो ते धरतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी गेलो. गाडी परत चालू करून ठेवलेली, परत एसी, परत आम्ही डब्यावर, परत चहा. पंखा एकदा, दोनदा, तीनदा. काटा ७५० वर खिळा मारल्यासारखा. कागद परत धरला, एकसारखी फडफड. आणि परत गरम कॉम्प्रेशन, तीन नंबरला १६५. मी म्हटलं मामा १७५ का नाही, तर तोंडावर सांगितलं की व्हॉल्व्हची कडा थोडी खाल्लेली आहे, हेड उतरवून सीट कटिंग आणि लॅपिंग (सीट कापून-घासून व्हॉल्व्ह परत घट्ट बसवणं) केलं तर होईल पण त्याला मोठा खर्च आहे आणि आज गरज नाही, अजून चाळीस-पन्नास हजार आरामात काढा, मग बघू. आणखी दोन-तीन महिने असंच फिरलो असतो तर व्हॉल्व्ह जळलाच असता आणि तेव्हा हेडशिवाय पर्याय नव्हता. दुसऱ्या कोणी हेच हेड त्याच दिवशी उतरवायला लावून वीस-पंचवीस हजारांचं काम काढलं असतं असं मला वाटतं, वाटतं म्हणतोय, कोणावर आरोप नाही.

बिल सांगतो. निदानाचे १,०००, टॅपेटची मजुरी ३,५००, तीन टोप्या १,३५०, टॅपेट कव्हरचं पॅकिंग ५५०. एकूण ६,४००. निदानाचे हजार रुपये वेगळे लावले म्हणून ऑफिसमधला एक जण कुरकुरला, त्याला म्हटलं अरे याच हजाराचे पैसे मी आनंदाने दिलेत. बाकीच्यांनी निदान फुकट केलं आणि पार्ट विकले. इथे माणूस दोन तास बसला त्याचे पैसे घेतले आणि प्लग, कॉइल, इंजेक्टर यातलं काहीही विकलं नाही. उलट ती जुनी कॉइल मी डिकीत ठेवली होती ती तपासून चांगली आहे म्हणून स्पेअर म्हणून ठेवायला सांगितली.

तीन महिने झाले, ४,००० किलोमीटरच्या वर पळाली, मधे एकदा भर दुपारी उन्हात खंबाटकी चढवून वाईला जाऊन आलो, येताना खेड शिवापूरच्या टोलला लाइनीत २० मिनिटं उभं, काही नाही. बायकोने स्वतःहून म्हटलं, हिची थंडी गेली वाटतं. मामांनी सांगितलंय की गॅसवर पळवताय तर दर २० हजारांना टॅपेट मापून घ्यायचे, आणि रोज थोडं तरी पेट्रोलवर चालवायचं. पहिलं करणार, दुसरं पेट्रोलचा भाव बघून.

आता अर्धा स्टार. फोन उचलत नाहीत हा एक. बिल वहीच्या पानावर पेनाने, जीएसटी नाही, ऑफिसमधून पैसे मागायचे असतील तर विसरा (यूपीआय चालतं). ड्रायव्हर सीटवर काळा हात उमटलाय, अजून निघाला नाहीये, शाम्पू, रॉकेल सगळं करून झालं, सीट कव्हर घालून पाठवली असती तर काय झालं असतं. बसायला जागा नाही, बायकामाणसांना तर अजिबातच सोय नाही. आणि मामा बोलायला फटकळ आहेत, माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला "तुम्ही यूट्यूब बघून आलाय ना, मग तुम्हीच खोला" म्हणून हाकलून दिलं, तो माणूस बिचारा फक्त ऑइलचा ग्रेड विचारत होता. घाईचं काम असेल, एका दिवसात पाहिजे असेल, तर इथे जाऊच नका. सर्व्हिसिंग, ऑइल बदल यासाठीही जाऊ नका, ते कुठेही होतं. दोन-तीन ठिकाणी पैसे घालून झालेत आणि कोणालाच सापडत नाहीये अशी गाडी असेल तर जा.

जाताना गॅसवर मारते का पेट्रोलवर, उभी असताना का घाटात, काटा पडतो का, किती मिनिटांनी सुरू होतं, हे सगळं कागदावर लिहून न्या, नाहीतर सगळ्यांसमोर ओरडा खाल. गाडी गरम पाहिजे. जवळच राहत असाल तर आधी बोगद्यातून पलीकडे जाऊन एक चक्कर मारून या आणि बंद न करता थेट शेडसमोर उभी करा. गुरुवारी बंद असतं. फोन दुपारी दीड ते अडीच लावू नका, जेवत असतात, आणि चुकून उचललाच तर हो-नाहीच्या पुढे बोलत नाहीत.